हंटरची खुर्ची

गंगेवरच्या दुर्गाघाटाजवळच्या त्या घरात मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि गलीत वीज नव्हती. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं की तिथं वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं मिळेल आणि घरात मराठी बोलतात. तळमजल्यावर कोणी राहत नव्हतं. दगडी जिना इतका अरुंद होता की बॅग पुढे धरून चढावं लागत होतं. मी अर्ध्यावर असताना वरून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "आलास का?"

आमच्या तालुक्याच्या गावी कोणीही कोणाला असं विचारतं. मी सवयीनं म्हणालो, "हो, आलो."

वर भांडं पडलं. ते फरशीवर गोल फिरत फिरत थांबल्याचं मला ऐकू आलं. मग जिन्याच्या तोंडाशी कंदील घेऊन एक बाई आल्या. त्यांनी कंदील माझ्या चेहऱ्याजवळ धरला, नीट पाहिलं आणि मागे वळून म्हणाल्या, "मामंजी, ते नाहीत. किरायेदार आहेत, बँकवाले."

मग तोच आवाज म्हणाला, "बसायला सांग त्यांना. पानी दे."

खोली दाखवताना बाई हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. जिन्यात विचारलं तर नुसतं 'आलो' म्हणायचं नाही. 'बँकवाला आलो' म्हणायचं. रोज."

मी रोज तसं म्हणू लागलो. पण वरून प्रश्न मात्र तोच यायचा, "आलास का?"

घरात दोघंच होती. म्हातारे गुरुजी महाराष्ट्रातून, म्हणजे त्यांच्या भाषेत देशावरून, येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करत. दुसऱ्या त्यांच्या सूनबाई. त्या मुलींच्या एका शाळेत शिकवत, आणि मी त्यांना वहिनी म्हणू लागलो. त्यांचा नवरा वायुदलात वैमानिक होता. ईशान्येकडच्या डोंगरांवर धुकं असताना त्याचं हंटर विमान गेलं ते परत आलं नाही. पावसाळा संपल्यावर एका दरीत विमानाचे तुकडे सापडले. माणूस सापडला नाही. कॉकपिटवरचं काचेचं झाकण नव्हतं आणि आतली खुर्चीही नव्हती. लढाऊ विमानाची खुर्ची संकटात वैमानिकाला घेऊन बाहेर उडते, हे गुरुजींना तेव्हा वायुदलातल्या साहेबांनीच समजावून सांगितलं होतं. खाली नदी आहे, खुर्ची तिच्यात गेली असेल, असंही ते म्हणाले होते. गुरुजींनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

तेव्हापासून त्या घरात जेवणाला एक ताट जास्त वाढलं जायचं. त्यात भात, वरण, भाजी, सगळं यायचं. पाट मांडलेला असायचा. आमची जेवणं झाली की वहिनी ते ताट खाली नेत आणि गलीतल्या एका गाईपुढे रिकामं करत. ती गाय ठरल्या वेळी दाराशी येऊन उभी राहायची. मला दिलेली खोलीही त्याचीच होती. कपाटात त्याचे बूट होते, आणि त्यांना पॉलिश केलेलं होतं.

अशा माणसाची शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट पाहायची असते. मग त्याला गेला असं धरून विधी करायचा. मी राहायला गेलो त्या वर्षीच्या श्रावणात ती बारा वर्षं पुरी होणार होती. वहिनींना उज्जैनला, त्यांच्या बहिणीच्या गावी, शाळेत जागा मिळत होती आणि दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. त्यांना जायचं होतं. त्यांनी ते कधी लपवलं नाही.

"तो आला आणि तू नसलीस तर?" गुरुजी विचारत.

"म्हणून तर म्हणते, विधी करा. मग नसले तरी चालेल."

"बघू."

"बघू बघू करत माझे केस सफेद झाले, मामंजी."

हे बोलणं मी जवळजवळ रोज ऐकत होतो. वहिनी हसत बोलायच्या, पण पाटासमोर ते जास्तीचं ताट ठेवताना त्यांचा हात क्षणभर थांबायचा.

विमानाचा विषय निघाला तो माझ्यामुळे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील लोहाराच्या भात्यावर काम करायचे. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत आमचे एक सर होते. त्यांनी आम्हाला विमानांची मॉडेलं करायला शिकवलं. खरं विमान मी जवळून पाहिलं ते नोकरी लागल्यावर, पण पंखाचा आकार कसा असतो, कानस कशी धरायची, रंगाचा पातळ थर कसा द्यायचा हे सगळं त्या सरांनी माझ्या हाताला दिलं. त्यांची आठवण आली की आजही आदरानं मान झुकते. एका रविवारी मी हे वहिनींना सांगितलं. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि एक कागदी खोका आणून माझ्यापुढे ठेवला.

खोक्यावर हंटरचं चित्र होतं, रंग उडालेलं. आत प्लॅस्टिकचे भाग होते. वहिनींच्या नवऱ्यानं शेवटच्या सुट्टीत ते जुळवायला घेतलं होतं. धडाचे दोन अर्धे चिकटवले होते आणि एक पंख लावला होता. दुसरा पंख तसाच होता.

"पूर्ण करा," दारातून गुरुजी म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नव्हतं. "तो आला की बघेल."

मी भाग नीट पाहिले. साचा फार जुना होता. चाकं बिस्किटासारखी सपाट होती. कॉकपिटमध्ये नुसती एक फळी आणि तिच्यावर खुर्ची म्हणून प्लॅस्टिकचा एक ठोकळा होता. अशा खोक्यात वैमानिकाची बोटाच्या पेराएवढी आकृतीही असते. ती ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेली असते ती चौकट खोक्यात होती, पण आकृती नव्हती. कोणीतरी पात्यानं ती स्वच्छ कापून काढलेली होती. मी खोका उलटा करून झटकला. ट्रंकेत पाहिलं. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पडली असेल कुठे," आणि स्वयंपाकघरात गेल्या.

कॉलेजातला माझा एक मित्र तेव्हा इंग्लंडमध्ये शिकत होता. तिकडे जुन्या मॉडेलांत सुधारणा करण्यासाठी वेगळे, जास्त बारकाईनं केलेले भाग विकत मिळतात असं त्यानं मला पूर्वी कळवलं होतं. मी त्याला लिहिलं. पार्सल आलं तेव्हा आषाढ लागला होता. साच्यात ओतलेल्या राखाडी रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, चाकं, रेझिनची खुर्ची, पातळ पारदर्शक झाकण, आणि नखाएवढ्या पितळी पत्र्यावर कोरलेले घड्याळांचे फलक आणि खुर्चीचे पट्टे. पट्ट्यांना बकलंसुद्धा होती. भिंगातून पाहिलं तर बकलाचं छिद्र दिसायचं. ती खुर्ची तळहातावर घेतली तेव्हा मला उगीच वाटलं, हिच्यावरून कोणीतरी नुकतंच उठून गेलं आहे. उशीला मध्ये खळगा होता. करणाऱ्यानं तो मुद्दाम केला होता, एवढंच.

गुरुजी शेजारी येऊन बसले. त्यांचे हात कापत असत, म्हणून ते मांडीखाली दाबून ठेवत.

"हे काय?"

"सुटे भाग, गुरुजी. खोक्यातले मूळ भाग ओबडधोबड आहेत. ते कापून काढायचे आणि हे लावायचे. मग खऱ्यासारखं दिसतं."

"तुमचं बरं आहे, पार्सल येतं," ते म्हणाले. "आम्हाला सगळं चौकातल्या दुकानांतून गोळा करावं लागतं."

मला कळलं नाही.

"ज्याचा देह मिळत नाही, त्याचा पळसाच्या देठांचा करायचा. डोक्याला नारळ. डोळ्यांना कवड्या. दातांना डाळिंबाचे दाणे. आतड्यांना कमळाचे देठ. मांसाला जवाचं पीठ, रक्ताला मध. मग त्याला अग्नी द्यायचा. किती जणांचे केले मी! पाण्यात गेलेले, मेळ्यात हरवलेले. तुमच्यासारखंच काम. मूळ भाग नाहीत, म्हणून दुसरे लावायचे."

"आणि घरचं काम तेवढं पडून," आतून वहिनींचा आवाज आला.

"सूनबाई, तांदूळ निवड."

"निवडून झाले. बारा वर्षं निवडतेच आहे."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वाकून माझ्या तळहातावरची खुर्ची पाहिली. "ही काय?"

मी सांगितलं.

"ही बसवू नका," ते म्हणाले. "बाकी सगळं करा. ही नको. त्या विमानात खुर्ची नव्हती."

आत तांदळाचं सूप जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

मी आज्ञा पाळली. जुना ठोकळा करवतीच्या पात्यानं कापून काढला, आतली जागा घासून रुंद केली, पितळी फलक लावले. खुर्चीही रंगवली, कारण रंगवायची म्हणून आणलेली वस्तू तशीच ठेवणं मला जमत नाही. पट्टे लावून ती एका काडेपेटीत कापसावर ठेवली. रंग वाळायला विमान खिडकीतल्या कोनाड्यात ठेवलं आणि बँकेत गेलो.

संध्याकाळी परत आलो, "बँकवाला आलो" म्हणून वर चढलो आणि दिवा लावून पाहिलं. खुर्ची कॉकपिटमध्ये होती.

ती चिकटवलेली नव्हती, नुसती टेकवलेली होती, जराशी वाकडी. काडेपेटी मिटलेली होती. मी चिमट्यानं ती काढली आणि परत कापसावर ठेवली. मनाशी म्हटलं, मीच सकाळी घाईत ठेवली असेन. दुसऱ्या दिवशी जाताना काडेपेटी नीट पाहिली. संध्याकाळी खुर्ची पुन्हा आत होती. पुन्हा तशीच, डावीकडे कललेली.

श्रावण लागला होता आणि गंगा चढत होती. घाट पाण्याखाली गेले. रात्री अंथरुणावर पडलं की घराच्या पायाशी पाणी हलल्यासारखा आवाज यायचा. तो खरंच पाण्याचा होता की तळमजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांचा, ते मला ठरवता येत नसे. खिडकीतून येणाऱ्या उजेडात विमानाची सावली समोरच्या भिंतीवर पडायची, विमानापेक्षा कितीतरी मोठी. मी एनसीसीत शिकलेला मुलगा. विज्ञानाची पदवी घेतलेली. तरी जिना चढताना वरून "आलास का?" ऐकू आलं की मला वाटायचं, हे आज मला विचारलेलं नाही, माझ्या मागून कोणी येत आहे. मी मागे वळून पाहत नसे.

खुर्ची काढायचो मी आणि ती परत आत यायची. असं बरेच दिवस चाललं. माकडांचा संशय होता, म्हणून खिडकी लावून गेलो. तरी तेच.

शेवटी मला वाटलं, वहिनीच असणार. खुर्ची आत असली म्हणजे माणूस उडून सुटला नाही, विधी करता येतो; त्यांनाच तर ती त्या विमानात हवी होती. एका दुपारी, बँकेला सुट्टी होती आणि गुरुजी यजमानांकडे गेले होते, तेव्हा मी विचारलं.

वहिनी चिडल्या. "मी? भाऊजी, मी त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा तुम्ही असताना येते. तुम्ही देशावरचे लोक काय समजता? मला जे हवं ते मी तोंडावर मागते. चोरून कशाला करू?"

"मग कोण?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग एकदम आवाज खाली आणला. "आत आली की कशी असते? सीधी?"

"नाही. डावीकडे झुकलेली."

"ते तसेच बसायचे," त्या म्हणाल्या. "कुठेही. सिनेमात, लग्नात. डावीकडे झुकून."

दुपारचं ऊन होतं, गलीत कोणीतरी भाजी विकत होतं, तरी मी जिन्याकडे पाहिलं. वहिनींनी पदराखालून गळ्यातली पोत बाहेर काढली. तिला मंगळसूत्राच्या वाट्यांशेजारी एक लहानशी कापडी पुडी बांधलेली होती. ती त्यांनी सोडली. आत वैमानिकाची आकृती होती. प्लॅस्टिकची, बोटाच्या पेराएवढी, दोन्ही हात मांडीवर ठेवलेली. इतकी वर्षं हाताळून तिचा चेहरा पुसला गेला होता.

"जाताना कापून दिला त्यांनी मला. म्हणाले, हा तुझ्याजवळ राहू दे, विमान मी एकटा नेतो. मजाक करायचे." त्यांनी पुडी पुन्हा बांधली. "मामंजींना सांगू नका. त्यांना हा मिळाला तर ते विमानाशेजारी उभा करतील आणि म्हणतील, बघ, उतरला."

त्या संध्याकाळी मी खुर्ची चिमट्यानं उचलली आणि भिंगाखाली धरली. पाठीच्या काळ्या रंगावर काहीतरी लागलं होतं. पांढरट, मऊ. बोटानं घासलं तर पसरलं. भस्म होतं. त्या घरात सकाळी भस्म लावणारे एकच हात होते, आणि ते कापत असत. म्हणून खुर्ची वाकडी बसायची.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली. मला ज्यांनी खुर्ची बसवू नका असं बजावलं, तेच रोज दुपारी त्या खोलीत येऊन, काडेपेटी उघडून, ती इवलीशी वस्तू थरथरत्या बोटांत धरून आत बसवत होते. त्यात किती वेळ जात असेल! आणि मी रोज काढत होतो. ते दुसऱ्या दिवशी काडेपेटीत तिला परत पाहत होते. त्यांना काय वाटत असेल, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी काढतो हे त्यांना ठाऊक असेल का?

मी खुर्ची पुन्हा कॉकपिटमध्ये ठेवली आणि या वेळी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात प्रश्न आला नाही. मी "बँकवाला आलो" म्हणालो, तरी वर शांतता. गुरुजी माझ्या खोलीत, कोनाड्यासमोर जमिनीवर बसलेले होते. वहिनी दारात उभ्या होत्या.

"काल बाहेर आला नाही," गुरुजी म्हणाले.

"मी काढली नाही, गुरुजी. रोज मीच काढत होतो. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील असं वाटलं होतं. "माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्हीच काढत असणार. दुसरं कोण? पण रोज दुपारी काडेपेटी उघडताना मला वाटायचं, आज निसटला, आजही निसटला. आज पेटी उघडली तर कापूसच होता." त्यांनी विमानाकडे मान वळवली. "मी बसवत होतो ते बघायला. कसा दिसतो आत. बघवतं का."

"बघवतं?" वहिनींनी विचारलं.

गुरुजी विमानाकडे पाहतच म्हणाले, "सूनबाई, पाणी उतरलं की पळस आणायला सांग."

वहिनी चौकटीला धरून खाली बसल्या. ज्या गोष्टीसाठी त्या इतकी वर्षं भांडल्या ती मिळाली होती, आणि त्या रडत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणि आले तर?"

"शास्त्रात आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम पाठशाळेतल्यासारखा झाला. "विधी झाल्यावर माणूस परत आला तर त्याला तुपाच्या कुंडात बसवायचं. बाहेर काढून नवजात बाळासारखं न्हाऊ घालायचं. बारसं करायचं, मुंज करायची. मग लग्न. त्याच बायकोशी."

"आणि बायको नाही म्हणाली तर?"

"तर तिला समजावायला मी नसेन तोवर."

वहिनी रडता रडता हसल्या. मीही हसलो. गुरुजी हसले नाहीत, पण त्यांनी हात मांडीखालून काढून समोर ठेवले आणि कापू दिले.

पाणी उतरलं. घाटावर गुडघाभर गाळ होता. विधीला गुरुजींनी दुसऱ्या कोणा भटजीला बोलावलं नाही. घरातच, त्या जास्तीच्या पाटाच्या जागी, दर्भ अंथरून त्यांनी पळसाचे देठ मांडले. हात, पाय, छाती. हळूहळू तिथं एक माणूस झोपलेला दिसू लागला. नारळ ठेवला. कवड्या ठेवल्या तेव्हा मी नजर वळवली, कारण त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्याची उंची बरोबर होती, वहिनी नंतर म्हणाल्या. मामंजींनी न मोजता धरली होती.

पीठ लिंपण्याआधी वहिनी पुढे झाल्या. त्यांनी गळ्यातली पुडी सोडली आणि आकृती गुरुजींच्या तळहातावर ठेवली. गुरुजींनी ती ओळखली की नाही मला सांगता येणार नाही. त्यांनी काही विचारलं नाही. ती कापत्या बोटांनी देठांमध्ये, छातीच्या डाव्या बाजूला ठेवली, आणि वरून जवाचं पीठ लावलं. मग मणिकर्णिकेवर नेऊन अग्नी दिला. गलीतल्या तिघांबरोबर खांदा देणाऱ्या चौघांतला मीही एक होतो. ओझं काहीच नव्हतं, तरी त्या अरुंद गलीत वळणावर माझा खांदा दुखला.

त्या रात्रीपासून जास्तीचं ताट वाढलं नाही. गाय नेहमीच्या वेळी आली, बराच वेळ उभी राहिली. वहिनींनी तिला दारातून एक पोळी दिली.

दिवाळीनंतर त्या उज्जैनला गेल्या. मी आणि गुरुजी आणखी दोन वर्षं त्या घरात राहिलो. खिचडी मी करायचो आणि नावं ते ठेवायचे. विमान मी पूर्ण केलं. दुसरा पंख, चाकं, पाण्यात भिजवल्यावर कागदावरून सुटणारी वायुदलाची केशरी-पांढरी-हिरवी चिन्हं. खुर्ची या वेळी मी डिंकानं पक्की बसवली, आणि बसवताना, का ते मला माहीत नाही, जराशी डावीकडे झुकवली. शेवटी पारदर्शक झाकण राहिलं. मी गोंदाची नळी उघडली तेव्हा गुरुजी शेजारी बसले होते.

"ते चिकटवू नका," ते म्हणाले.

"धूळ जाईल आत, गुरुजी."

"मी पुसेन."

मी झाकण नुसतं टेकवून ठेवलं. ते अजून तसंच आहे. गुरुजी गेल्यावर विमान वहिनींनी मला दिलं. कधी कधी सकाळी झाकण किंचित सरकलेलं दिसतं. आमचं घर मोठ्या रस्त्यावर आहे, जड गाड्या जातात. मी आतली धूळ पुसतो, झाकण नीट ठेवतो आणि कामाला जातो.